दीड सेकंदाची उधारी

साठी जवळ आली की घराघरांत गाडी बदलण्याचा विषय निघतो आणि तो बहुधा गुडघ्यापासून सुरू होतो. पुण्याच्या कर्वे रस्त्यावर नाहीतर ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर रोज संध्याकाळी तासभर क्लच दाबत बसलेल्या डाव्या पायाची तक्रार डॉक्टरांच्या कानावर जाते. ते गोळ्या लिहून देतात आणि जाता जाता म्हणतात, ‘आता ऑटोमॅटिक घेऊन टाका.’ परदेशातला मुलगा फोनवर तेच सांगतो. वर्षातून दोन-तीनदा गावाकडे जायचे असते, सामान असते, नातवंडे असतात, म्हणून गाडी मोठी हवी. मोठी आणि लांब पल्ल्याची, म्हणून डिझेल. अशा रीतीने क्लच नसलेली, टर्बो लावलेली, डिझेलवर चालणारी दणकट गाडी दारात येते. हार घातला जातो, चाकाखाली लिंबू चिरडले जाते, शेजारी पेढे पोचतात.

आणि मग महिन्या-दोन महिन्यांत कधीतरी एक वाक्य कानी पडते, ‘पाय दाबतो, पण गाडी ऐकतच नाही. आणि मग एकदम उधळते.’

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या असलेल्या लोकांकडून ऐकले आहे. गॅरेजवाले त्याला ‘पिकअप लेट आहे’ म्हणतात. मोटारींच्या मासिकांत ‘टर्बो लॅग’ किंवा ‘थ्रॉटल लॅग’ असे शब्द येतात. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर विचारले तर तिथला तरुण मोठ्या अदबीने सांगतो, ‘सर, डिझेल ऑटोमॅटिकमध्ये असंच असतं.’ उत्तर खोटे नाही. पण बँकेत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘असंच असतं’ या दोन शब्दांचा चांगला परिचय असतो. ते ऐकले की समजावे, इथे खाली आणखी दोन-चार नोंदी आहेत आणि त्या दाखवण्याची समोरच्याची इच्छा नाही.

आधी आकडा पाहू. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून थोडे जास्त अंतर कापते. समोरून येणारे वाहनही त्याच वेगात असेल तर दोघांमधले अंतर सेकंदाला तेहतीस मीटरने कमी होते. आता कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे जाणारा दुपदरी रस्ता डोळ्यांसमोर आणावा. पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक रखडत चाललेला आहे. एक सरळ पट्टा येतो, समोरची बस लांब दिसते, आपण मनाशी म्हणतो, ‘निघेल’, आणि उजवीकडे येऊन पाय दाबतो. दीड सेकंद काहीही घडत नाही. तेवढ्यात समोरची बस आपल्याला पन्नास मीटर जवळ आलेली असते. एसटीच्या चार-पाच गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी जागा व्यापतील, तेवढा रस्ता आपल्या हिशेबातून गुपचूप वजा झालेला असतो. तो ‘निघेल’चा अंदाज चुकीचा नव्हता. फक्त ज्या डोळ्यांनी तो केला, ते डोळे चाळीस वर्षे वेगळ्या गाडीवर तयार झालेले होते.

आमचे थोरले बंधू, ज्यांना सगळी भावकी दादा म्हणते, बहात्तराव्या वर्षी अशा गाडीचे मालक झाले. हा माणूस फियाटपासून गाडी चालवत आलेला. गणपतीला कोकणात जाताना वर सांगितला तसाच प्रसंग आला. ट्रकच्या बरोबरीने अर्धवट आलेले असताना समोरून बस आली, दादांनी ब्रेक दाबला आणि पुन्हा ट्रकच्या मागे आले. झाले काहीच नाही. कोणाला खरचटलेदेखील नाही. पण गावाला पोचल्यावर दादांनी गाडीची किल्ली पुतण्याच्या हातात दिली आणि परतीच्या प्रवासात स्वतः मागे बसले. पुढे ड्रायव्हर ठेवला गेला. घरातल्या बोलण्याचा सूर असा, की दादांचे आता वय झाले. कोणी तसे तोंडावर म्हणाले नाही, आणि हेच त्यांना जास्त लागले असावे. काही दिवसांनी ते स्वतःच म्हणू लागले, ‘हात-पाय पूर्वीसारखे चालत नाहीत रे.’

मला ते पटेना. हाच माणूस रविवारी कॅरमवर अजून क्वीन घेऊन लगोलग कव्हर करतो. टेबलावरून घसरलेली वाटी जमिनीला लागायच्या आत पकडतो. तेव्हा एका सकाळी मी त्यांना गाडीसकट बायपासच्या रिकाम्या रस्त्यावर नेले आणि फोनमधले घड्याळ घेऊन शेजारी बसलो. गाडी ताशी साठावर स्थिर ठेवायची, मी ‘हं’ म्हटले की पाय दाबायचा, आणि माझी पाठ सीटला टेकली की मी घड्याळ थांबवायचे. ही काही प्रयोगशाळा नव्हे; पण दहा-बारा वेळा केले आणि आकडा दीड सेकंदाच्या आगेमागे येत राहिला. कधी सव्वा, कधी जवळजवळ दोन. मग दादांना आधी हाताने एक गिअर खाली घ्यायला लावला, इंजिनाचा आवाज चढू दिला आणि पुन्हा तेच केले. या वेळी माझे बोट घड्याळावर पडायच्या आधीच पाठ सीटला टेकत होती.

दादांचे पाय शाबूत होते. गाडीची रक्कम त्यांच्या नावे पडली होती, एवढेच.

मोटारीच्या पोटातले मला थोडेफार कळते ते कर्जांमुळे. १९८०च्या दशकात मी चिपळूणच्या शाखेत असताना टेम्पो आणि ट्रक यांची कर्जे माझ्याकडे होती. कर्ज दिल्यावर गाडी खरोखर चालते की नाही हे पाहायला जावे लागे आणि कर्जदार हौसेने शेजारी बसवून घेई. कराडला माल पोचवणाऱ्या एका मॅटाडोरवाल्याबरोबर मी कुंभार्ली घाट किती वेळा चढलो असेन, त्याची मोजदाद नाही. वळण दिसायला लागले की तो गाडी हळू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा. मी एकदा कारण विचारले. तो म्हणाला, ‘सायेब, घाटात आधी गेर, मग पाय. पाय आधी दिला तर गाडी रुसते.’ त्याच्या गाडीला टर्बो नव्हता. असता, तर त्याने हेच आणखी मोठ्याने सांगितले असते.

कारण डिझेल इंजिनाची सगळी भानगड हवेची आहे. पेट्रोलच्या इंजिनात आपण पायाने हवेची झडप उघडतो. त्या झडपेलाच थ्रॉटल म्हणतात. डिझेलला तशी झडप मुळात नसते. आजच्या काही इंजिनांत असते, पण ती दुसऱ्या कामांसाठी. डिझेलमध्ये हवेचा रस्ता उघडाच असतो, हवा सोळा-सतरा पट दाबून पाचशे अंशांच्या पुढे तापवली जाते आणि तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की ते ठिणगीवाचून पेटते. पाय दाबणे म्हणजे जास्त डिझेल मागणे. म्हणजे डिझेल गाडीचा ‘थ्रॉटल लॅग’ हे नावच मुळी पेट्रोलवाल्यांकडून उसने आणलेले आहे.

आता एक किलो डिझेल पुरते जाळायला साडेचौदा किलो हवा लागते. हे वजनात कळत नाही, म्हणून लिटरमध्ये सांगतो. एक लिटर डिझेलला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते, आणि धूर नको असेल तर त्याहून बरीच जास्त. लहानशा इंजिनाला एवढी हवा आपल्या श्वासाने ओढता येत नाही. म्हणून ती बाहेरून कोंबायची युक्ती आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने काढली आणि १९०५ साली, म्हणजे आपल्याकडे वंगभंगाची चळवळ पेटली त्या वर्षी, तिचे पेटंट मागितले. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूने एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा बसवायचा आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. फुकटच्या धुरावर जादा ताकद! २० वर्षांनी त्याने ही यंत्रणा जहाजांच्या डिझेल इंजिनांना बसवून दाखवली. ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिश’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांची ताकद त्यामुळे १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. दरम्यान १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे इंजिन कोलोराडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेऊन विरळ हवेत त्याला टर्बोने पुन्हा जोम आणला होता.

जहाज आणि विमान, दोन्ही वाहने तासन् तास एकाच गतीने चालणारी. सिग्नल नाही, रिक्षा आडवी येत नाही, पुढे चिऱ्यांचा ट्रक नाही. तिथे पंखा फिरायला पाच सेकंद लागले काय आणि पंधरा लागले काय, कोणाला फरक पडत नव्हता. ही चीज मोटारीत आली तेव्हा तिचा सुस्त स्वभाव लोकांच्या लक्षात आला.

तो स्वभाव असा. टर्बोचा पंखा भरात असताना मिनिटाला लाख-दीड लाख, लहान असला तर दोन लाखांवर फेरे घेतो. पण आपण निवांत चाललो असताना धूर थोडा, म्हणून पंखा मंद. पाय दाबला की जास्त डिझेल हवे. जास्त डिझेल जाळायला जास्त हवा हवी. जास्त हवेसाठी पंखा जोरात हवा. आणि पंखा जोरात फिरायला जास्त धूर हवा, जो जास्त डिझेल जाळल्याशिवाय होत नाही. तारण नाही म्हणून कर्ज नाही आणि कर्ज नाही म्हणून तारण उभे राहत नाही, असे म्हणत काउंटरवरून परत जाणारी माणसे मी पाहिली आहेत. तशातली ही गत. फरक एवढाच की इंजिन हळूहळू का होईना, त्यातून वाट काढते. थोडे डिझेल, थोडा धूर, पंखा किंचित जलद, त्यामुळे आणखी थोडी हवा, आणखी थोडे डिझेल. चक्रवाढ व्याजाचे कोष्टक ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. पहिल्या काही ओळी वाचून कंटाळा येतो आणि शेवटच्या ओळी वाचून घाम फुटतो. गाडी ‘ऐकत नाही’ आणि मग ‘एकदम उधळते’ ती याच कारणाने.

लेह-लडाखला आपल्या गाड्या घेऊन जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या अलीकडे वाढली आहे. खारदुंगलाच्या आसपास, सतरा हजार फुटांच्या वर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. तिथे केसपिनसारख्या वळणावर गाडी थांबवून पुन्हा चढावर काढताना हा सुस्तपणा दुपटीने जाणवतो, तेव्हा घाबरून जाऊ नये.

पूर्वीच्या ट्रकांनी यावर साधा तोडगा काढला होता. हवा येवो न येवो, डिझेल ओतायचे. ट्रक जागा व्हायचा आणि मागे काळाकुट्ट लोट निघायचा. तो लोट म्हणजे हवेवाचून अर्धवट जळालेले डिझेल. सगळ्या देशात भारत स्टेज चारचे नियम १ एप्रिल २०१७ पासून आणि सहाचे १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, आणि हा मार्ग बंद झाला. आता पायाखालच्या पेडलपासून इंजिनापर्यंत तार जात नाही. पेडलजवळचा एक सेन्सर पायाचा दाब मोजतो आणि गाडीतल्या संगणकाला कळवतो. संगणक हवा किती आली ते पाहतो आणि तेवढ्यापुरतेच डिझेल मंजूर करतो. फियाटच्या काळात पेडल म्हणजे रोख रक्कम होती; टाकली की माल हातात. आताचे पेडल हा चेक आहे. आपण सही केली म्हणजे पैसे मिळाले असे नाही, तो क्लिअरिंगला जातो. मागे येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर काळा धूर जात नाही, त्याची किंमत वेळेत मोजली जाते, आणि ती मोजायला माझी ना नाही. त्या स्कूटरवर आपलीही मुले असतात.

इथपर्यंत निम्मी उधारी झाली. उरलेली गिअरबॉक्सची.

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा एक डबा असतो. त्यात तेल भरलेले असते आणि दोन पंखे समोरासमोर. घरात एक टेबलफॅन चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला तर तोही वाऱ्याने फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल. याचा जनक हर्मान फ्योटिंगर हा जर्मन इंजिनिअर. तो स्टेटिनच्या जहाजकारखान्यात होता आणि त्याचेही पेटंट १९०५ चेच! जहाजाच्या टर्बाइनची गती पंख्याला मानवेल इतकी कमी करण्यासाठी त्याने ते काढले होते. म्हणजे आपल्या दारातल्या गाडीत एकाच वर्षी जन्मलेल्या आणि दर्यावर मोठ्या झालेल्या दोन युक्त्या एकमेकींचा हात धरून बसलेल्या आहेत. टर्बो डिझेल लावलेली पहिली विकाऊ मोटार, १९७८ ची मर्सिडीज ३०० एसडी, अमेरिकेसाठी बनवली गेली आणि ती ऑटोमॅटिकच मिळे. सरासरी इंधनखपतीचे सरकारी नियम अमेरिकेत त्याच वर्षाच्या मॉडेलांपासून सुरू झाले होते. हा योगायोग नव्हे.

कारण डिझेल ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स हा कंजूस मुनीम असतो. त्याला डिझेल वाचवायचे असते. ‘ॲव्हरेज किती?’ हा आपला पहिला प्रश्न, तो शोरूममध्ये पाऊल टाकताच आपण विचारतो, आणि कंपन्यांनी तो चांगला लक्षात ठेवला आहे. म्हणून ताशी साठावर गाडी स्थिर झाली की गिअरबॉक्स लगेच वरचा गिअर टाकून इंजिन मिनिटाला तेराशे-चौदाशे फेऱ्यांवर झोपवतो. बहुतेक डिझेल मोटारींचा खरा जोर १७५० ते २५०० फेऱ्यांच्या दरम्यान असतो. म्हणजे टर्बोची जाग सुरू होते त्याच्या थोडे खालीच गाडी चाललेली असते. अशा वेळी आपण जोरात पाय दाबला की संगणकाने संगणकाला विचारायचे, कन्व्हर्टरचे कुलूप काढायचे, कोणता गिअर हे ठरवायचे, एक क्लच सोडायचा, दुसरा धरायचा, आणि मग कुठे इंजिनाचे फेरे वाढून टर्बोच्या चक्रवाढीचा पहिला हप्ता सुरू होतो.

मॅटाडोरवाला वळण पाहून आधीच गिअर टाकत होता. गिअरबॉक्सला वळण दिसत नाही. त्याला समोरची बस दिसत नाही, ट्रक दिसत नाही, सरळ पट्टा दिसत नाही. त्याला फक्त तुमचा पाय कळतो, आणि पाय दाबला जातो तो तुम्ही निर्णय घेऊन झाल्यावर. हातगिअरच्या गाडीत निर्णय आणि तयारी बरोबर चालत. इथे तयारी निर्णयाच्या मागून येते. दादांच्या दीड सेकंदातला मोठा भाग हा होता.

सगळ्या ऑटोमॅटिक सारख्या नसतात, हेही सांगायला हवे. २०१४ नंतर आपल्याकडे लोकप्रिय झालेल्या स्वस्त प्रकारात गिअरबॉक्स जुनाच असतो. क्लच दाबणारे आणि गिअर टाकणारे यंत्र तेवढे वर बसवलेले असते. लहान डिझेल इंजिनाबरोबर तो जोडला की थांबा आणखी लांबतो. पुण्याजवळ रांजणगावला आणि हरयाणात मानेसरला तयार होणारे फियाटच्या मुळाचे १२४८ सीसीचे डिझेल इंजिन इतक्या कंपन्यांनी वापरले की मोटार-पत्रकार त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत. गुणी इंजिन, पण दोन हजार फेऱ्यांच्या खाली पेंगणारे, हेही सगळ्यांना ठाऊक. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, तरी या इंजिनाच्या गाड्या जुन्या बाजारात अजून भरपूर फिरतात. घेणाऱ्याने हे माहीत करून घ्यावे.

आता ज्यांच्या गाडीत हा विलंब अचानक वाढला आहे त्यांच्यासाठी थोडे. गाडी पहिल्या दिवसापासून जशी आहे तशीच असेल तर तो तिचा स्वभाव. पण सहा महिन्यांपूर्वी बरी होती आणि आता चढावर दम टाकते, तर ‘असंच असतं’ हे उत्तर मुळीच ऐकून घेऊ नये. माझ्या एका मित्राला एका वर्कशॉपने टर्बो बदलण्याचा भलामोठा अंदाजखर्च दिला होता. आकडा पाहून तो सांगलीच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने बॉनेट उघडून मुलाला पाय दाबायला सांगितले, कान देऊन ऐकले आणि टर्बोकडून निघणारा हवेचा रबरी पाइप बोटाने दाखवला. त्याला जोडापाशी चीर गेली होती आणि कमावलेली हवा फुस्स करून बाहेर जात होती. तेव्हा आधी एअर फिल्टर, मग हे पाइप आणि त्यांच्या पट्ट्या, मग डिझेलचा फिल्टर आणि हवा मोजणारा सेन्सर. टर्बोवर शेवटी यावे. दुसरी एक गोष्ट म्हणजे काजळी. नव्या टर्बोंमध्ये धुराला वाट अरुंद-रुंद करून देणाऱ्या हलत्या पात्या असतात. नळीचे तोंड बोटाने दाबले की पाणी लांब उडते, त्याच न्यायाने थोड्या धुरातही त्या पंखा जोरात फिरवतात. पण गाडी वर्षभर फक्त भाजी आणि बँक एवढीच हिंडली, तर काजळी साचून त्या पात्या अडकू लागतात. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी झडप आणि काजळी अडवणारा फिल्टर यांचेही तेच. लांबच्या प्रवासासाठी म्हणून घेतलेली डिझेल गाडी अधूनमधून खरोखरच लांब न्यावी.

बाजारात एक लहानशी डबी मिळते. पेडलच्या वायरमध्ये जोडली की ‘लॅग गायब’ अशी तिची जाहिरात असते. ती करते काय, तर पाय पाव दाबला असताना संगणकाला सांगते की अर्धा दाबला आहे. हवा तेवढीच, पंखा तोच, गिअरबॉक्स तोच. गोदामात माल तेवढाच आणि बँकेला दिलेले स्टॉक स्टेटमेंट फुगवलेले, हा प्रकार मी आयुष्यभर तपासत आलो. मला त्याचे कौतुक करायला सांगू नये. शहरात गाडी चपळ वाटते हे खरे, पण घाटात चिऱ्यांच्या ट्रकाशेजारी उभे राहिल्यावर खरा साठा जेवढा असेल तेवढाच बाहेर पडतो. इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलून देणारेही आहेत. तिथे जोर खरोखर वाढतो; पण हवेआधी डिझेल सोडणारी आज्ञावली असली तर तो जुना काळा लोट परत येतो आणि पीयूसीच्या तपासणीत धुराची घनता अडते.

मग करायचे काय? मॅटाडोरवाल्याचे ऐकायचे. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर हाताने खाली घेण्याची सोय असते. दांड्याला वजा-अधिकच्या खुणा असतात किंवा स्टिअरिंगमागे छोट्या पात्या असतात. बहुसंख्य मालक त्यांना पहिल्या दिवसानंतर हात लावत नाहीत. ट्रकच्या मागे असतानाच, उजवीकडे येण्याच्या आधी, एक गिअर खाली घ्यावा. आवाज चढतो, ॲव्हरेज थोडे पडते, पडू द्यावे. ज्या गाडीत ‘स्पोर्ट’चे बटण आहे तिच्यात घाट सुरू होताना ते दाबले तरी काम भागते. पाय एकदम तळाला नेऊ नये. गिअरबॉक्स गोंधळून दोन-दोन, तीन-तीन गिअर खाली उतरतो आणि उलट उशीर करतो. आधी निम्मा दाब, एक श्वास, मग उरलेला. आणि तरीही गाडीने जोर धरला नाही असे वाटले तर ट्रकच्या मागे परत यावे, दादा आले तसे.

उशिरा येणाऱ्या जोराची दुसरी बाजू मला जास्त काळजीची वाटते, आणि ती घाटातली नाही, सोसायटीच्या पार्किंगमधली आहे. तळघरातून वर येणारा उतार, वर गेट, गेटपाशी वॉचमनची खुर्ची. गाडी चढत नाही म्हणून पाय थोडा जास्त, अजून थोडा जास्त, आणि माणूस वैतागून दाबतो तेव्हाच चक्रवाढीची शेवटची ओळ येते. गाडी उतारावरून उडी मारल्यासारखी निघते. अशा जागी पाय एका ठिकाणी स्थिर ठेवून गाडीला तिचा वेळ द्यावा आणि दुसरा पाय मध्ये आणू नये. पावसाळ्यात ओल्या वळणावर हीच काळजी. वळण सरळ होण्याआधी मागितलेला जोर वळणाच्या मध्यावर हाती पडतो आणि टायर घसरतात.

दादा आता पुन्हा गाडी चालवतात. ड्रायव्हर आहेच, पण तो आठवड्यातून दोन दिवस येतो. घाटात त्यांचा डावा हात सवयीने दांड्यावर जातो. पुतण्या म्हणतो, ‘ऑटोमॅटिक घेऊन पुन्हा गिअरच टाकताय!’ त्याला उत्तर देण्याच्या भानगडीत ते पडत नाहीत.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी एक शेवटचे. शोरूमवाले ट्रायल देतात ती दुपारी, रिकाम्या सपाट रस्त्यावर, दोघांना बसवून, दहा मिनिटांची. त्यावरून काही कळत नाही. सगळ्या घराला घेऊन जावे, एसी चालू ठेवावा, एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी हळू करून पुन्हा पाय दाबून पाहावा, आणि मोठ्या रस्त्याला लागताना ती किती वेळात अंग झटकते ते मोजावे. विक्रेता थोडा कुरकुर करील, करू द्यावी. घड्याळ लावायला जमले नाही तर आमच्या वहिनींसारखे कोणी मागच्या सीटवर बसवावे. गाडीने केव्हा विचार केला आणि केव्हा ढकलले, हे त्या पर्समधली आवळासुपारी शोधता शोधता सांगतात.